दुखऱ्या कोपराच्या निमित्ताने

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र काल मिळाले. बेसबॉल संघाची निवड चाचणी तीन आठवड्यांवर आली आहे, चौथ्या इनिंगनंतर डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला कळ येते, आणि हे तू तुझ्या सरांना अजून सांगितलेले नाहीस, असे तू लिहितोस. वेग कसा वाढवावा हा तुझा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याकडे मी येतो. पण आधी हे पत्र बाजूला ठेव, सरांना सगळे सांग आणि मग पुढचे वाच. त्यांना राग आला तर येऊ दे.

तू डावखुरा पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा, आहेस, म्हणून तुला एका डावखुऱ्याचीच हकिकत सांगतो. संशोधनाच्या निमित्ताने मी कोरियातील देजॉन शहरात राहत होतो, तेव्हा तेथील हानव्हा ईगल्स या संघाकडून रयू ह्युन-जिन खेळत असे. तो जेवतो उजव्या हाताने, बॅटिंगही उजव्या हाताने करतो. लहानपणी वडिलांनी डावखुऱ्यांचा ग्लोव्ह आणून दिला आणि चेंडू मात्र तो डाव्या हाताने टाकू लागला. इंचॉनच्या शाळेत असताना, २००४ मध्ये, म्हणजे जवळपास तुझ्याच वयात, त्याच्या कोपराचा अस्थिबंध निकामी झाला. अशा वेळी शरीराच्या दुसऱ्या भागातला स्नायूबंध काढून, हाडांना भोके पाडून, तो त्यांतून ओवून बसवतात. १९७४ मध्ये ज्या अमेरिकी पिचरवर ही शस्त्रक्रिया प्रथम झाली, त्याच्या नावावरून तिला टॉमी जॉन शस्त्रक्रिया म्हणतात; रयूवर तीच झाली. पुढे खेळाडू निवडण्याची वेळ आली तेव्हा रयूच्या गावच्या एसके वायव्हर्न्स संघाने पहिली पसंती एका कॅचरला, म्हणजे बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याला, दिली, आणि दुसऱ्या फेरीत हानव्हाने त्याला घेतले.

२००६ हे त्याचे पहिलेच व्यावसायिक वर्ष. त्यात त्याने १८ सामने जिंकले, २०४ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, केले आणि दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पुऱ्या सामन्यामागे, दिलेल्या धावांची (क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या सोडून) त्याची सरासरी, म्हणजे ईआरए, २.२३ राहिली. एकाच हंगामात सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू हे दोन्ही सन्मान कोरियन लीगमध्ये त्याच्या आधी कोणालाही मिळाले नव्हते. पण हा पराक्रम निव्वळ जोरावर झाला, असे समजू नकोस. त्याच वर्षी अमेरिकेत खेळून परतलेला कू दे-सुंग संघात होता, तोही डावखुरा. रयूने आपला १५ क्रमांक त्या ज्येष्ठाला परत दिला, स्वतः ९९ घेतला, आणि त्याच्याकडून चेंजअपची, म्हणजे फास्टबॉलसारख्या दिसणाऱ्या पण हळू येणाऱ्या चेंडूची, पकड शिकून घेतली. त्या क्रमांकाच्या देवघेवीत कोणाचा लाभ अधिक झाला, हे पुढे साऱ्या कोरियाने पाहिले.

ती पकड तुला शब्दांत सांगतो. अंगठा आणि तर्जनी चेंडूच्या कडेला एकमेकांना टेकवून वर्तुळ करायचे, चेंडू बोटांच्या टोकांवर न ठेवता तळव्याकडे खोल बसवायचा आणि उरलेली तीन बोटे त्यावर सैल ठेवायची. हात मात्र फास्टबॉलला फिरतो तितक्याच वेगाने फिरला पाहिजे. बॅटर हात पाहून बॅट फिरवतो आणि चेंडू त्याच्या अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतो. मनगट आखडून किंवा हात मंद करून वेग कमी केलास, तर पहिल्या दोन चेंडूंतच तुझे गुपित फुटेल. साधायला सर्वांत अवघड हेच आहे, आणि रयूच्या हाताकडे कितीही निरखून पाहिले तरी यातला फरक दिसत नसे.

तुझे म्हणणे असे की खरा खेळाडू दुखणे बोलून दाखवत नाही. कोरियातही ही समजूत जुनी आहे. चोई दोंग-वोन या पिचरने १९८४ च्या हंगामात २७ सामने जिंकले आणि अंतिम मालिकेत बुसानच्या लोत्ते संघाचे चारही विजय एकट्याच्या नावावर लावले. बुसानचे लोक आजही त्याचे नाव आदराने घेतात आणि मीही घेतो. परंतु त्या दहा दिवसांचा धडा म्हणून तू स्वतःच्या कोपराला वेठीस धरावेस, असे मला मुळीच वाटत नाही. रयूचा रिवाज पाहा: दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत बहुतेक पिचर बुलपेनमध्ये, म्हणजे मैदानालगतच्या सरावाच्या जागेत, सरावासाठी चेंडू टाकतात, तो टाकत नसे. अमेरिकेत गेल्यावर लोकांना याचे नवल वाटले, पण आपल्या हाताला काय मानवते हे त्याला ठाऊक होते आणि तो त्यावर ठाम राहिला.

२००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात क्यूबाविरुद्ध रयू नवव्या इनिंगपर्यंत माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, होता; कोरियाने ३-२ असे सुवर्ण जिंकले आणि त्या खेळाडूंना लष्करी सेवेतून सूट मिळाली. इकडे हानव्हा मात्र वर्षामागून वर्षे तळाशी असे. संघ इतका हरे की सारे शांतपणे सोसणाऱ्या त्याच्या चाहत्यांना लोक ‘बोधिसत्त्व’ म्हणत. ४ ऑक्टोबर २०१२ च्या रात्री मी देजॉनच्या हानबात मैदानावर होतो. आठव्या इनिंगला ढोल-भोंगे बंद झाले आणि सारे प्रेक्षक, तेथील प्रथेप्रमाणे, निव्वळ गळ्याच्या जोरावर संघाचे नाव घेऊ लागले. रयूने त्या रात्री दहा इनिंग टाकल्या आणि एकच धाव दिली, तरी विजय त्याच्या खात्यात जमा झाला नाही. सात वर्षांची बेरीज ९८ विजयांवर थांबली. त्यानंतर अमेरिकेतील लॉस एंजेलिस डॉजर्स संघाने त्याच्याशी बोलणी करण्याच्या हक्कासाठीच हानव्हाला सुमारे २ कोटी ५७ लाख डॉलर मोजले.

तेथली पहिली दोन वर्षे उत्तम गेली, दोन्ही वर्षी चौदा-चौदा विजय. मे २०१५ मध्ये त्याच्या डाव्या खांद्याच्या खोबणीभोवतालची कूर्चेची कडा शिवावी लागली. २०१५ मध्ये तो एकही सामना खेळला नाही. जुलै २०१६ मध्ये तो एका सामन्यात उतरला, पाच इनिंगही पुऱ्या होण्याआधी सहा धावा देऊन बाहेर आला, आणि पुढे कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया झाली. दोन वर्षांत एक सामना! तू तीन आठवड्यांवर आलेल्या चाचणीसाठी झुरतो आहेस, म्हणून हा हिशेब मुद्दाम मांडला.

आता तुझ्या वेगाच्या प्रश्नाकडे येतो. दुखापतीतून परतल्यावर रयूचा फास्टबॉल ताशी १४५ किलोमीटरच्या आसपास असे, आणि ताशी दीडशेच्या पुढे टाकणारे तरुण तेथे प्रत्येक संघात होते. त्याने वेगाचा पाठलाग केला नाही. चेंजअप होताच, त्याला कटरची, म्हणजे शेवटच्या क्षणी किंचित वळणाऱ्या वेगवान चेंडूची, जोड दिली आणि स्ट्राइकच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर चेंडू टाकायला तो शिकला. २०१९ मध्ये १८२ इनिंगहून अधिक टाकताना त्याने अवघ्या २४ बॅटरना चार वाइड चेंडूंवर फुकट बेस दिला, आणि त्याची २.३२ ही ईआरए अमेरिकेच्या दोन्ही मोठ्या लीगमधील सर्व पिचरांत सर्वांत कमी ठरली. खांदा शिवलेल्या माणसाने हे केले, याचे मला आजही अप्रूप वाटते. तुझा वेग आहे तेवढा पुरेसा आहे. दहा चेंडूंपैकी किती चेंडू कॅचरच्या ग्लोव्हला जागचे हलू न देता पडतात, ते मोजून मला कळव. अर्थात, डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर.

टोरांटोत खेळत असताना, २०२२ मध्ये, त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा झाली. तेव्हा तो ३५ वर्षांचा होता, तरी पुढच्या ऑगस्टमध्ये तो माउंडवर परत आला. २०२४ मध्ये तो आठ वर्षांचा करार करून हानव्हाकडे परतला. आरंभी एका सामन्यात त्याला नऊ धावा पडल्या. मग ३० एप्रिलला, देजॉनमध्येच, त्याने कोरियन लीगमधला शंभरावा विजय मिळवला. समोर एसएसजी, म्हणजे त्याला एकेकाळी सोडून देणाऱ्या इंचॉनच्या त्याच संघाचा वारस होता. मी तो सामना पुण्यात पडद्यावर पाहिला आणि एकटाच टाळ्या वाजवत बसलो.

डॉक्टरांकडे जाताना कळ नेमक्या कितव्या चेंडूला सुरू होते, किती वेळ टिकते आणि दुसऱ्या दिवशी हात सरळ होतो की नाही, हे कागदावर लिहून ने. तपासणीचे कागद घेऊन रविवारी घरी ये, चेंडूही बरोबर आण. ती पकड तुझ्या बोटांत बसवून देतो. फेकायचे मात्र काही नाही.

तुझा,
काका