शाईची रेघ मध्येच का तुटते?

प्रश्न: मी वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सोलापुरातल्या एका जुन्या वाड्याची मापं घेऊन १:५० प्रमाणात ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशा काढते आहे. ०.१८ मिमी जाडीची रेघ काढणारं टेक्निकल पेन मध्येच कोरडं पडतं आणि सेटस्क्वेअरच्या कडेने शाई पसरते. नवीन पेन घ्यावं का?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: पेन राहू द्या, आधी टेबल पंख्याखालून हलवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टोपण काढून ठेवलेल्या बारीक निबमधली शाई बघता बघता सुकते. चहाला उठतानाही टोपण लावाच.

निबच्या नळीत केसासारखी तार असते आणि तिच्या मागे छोटं वजन. पेन आडवं धरून हलकेच मागेपुढे हलवा. टकटक ऐकू आली तर तार मोकळी आहे. आवाज नसेल तर निब कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकडं होतं. तार मात्र बाहेर ओढू नका. ०.१८ ची तार एकदा वाकली की परत नळीत जात नाही आणि निब कायमची जाते. आठवडाभर काम नसेल तर शाई काढून पेन धुऊनच ठेवा.

शाई पसरते कारण सेटस्क्वेअरची कड कागदाला टेकलेली असते. त्या फटीत शाई आपोआप ओढली जाते. खालच्या बाजूला, कडेपासून ५-६ मिमी आत, पातळ पुठ्ठ्याचे तीन तुकडे चिकटवा. पेन अगदी उभं धरा. रेघा वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे घ्या. डावखुऱ्या असाल तर उजवीकडून डावीकडे.

चूक खोडायची ती शाई पूर्ण वाळल्यावरच. अर्धं ब्लेड जवळजवळ आडवं धरून हलक्या हाताने खरवडा, मग ती जागा नखाने घासून गुळगुळीत करा. हे टाळलंत तर नवी रेघ तिथे फुटते.

तुम्ही विचारलं नाहीत, पण वाड्याच्या कामात हे फार महत्त्वाचं आहे. नकाशात कापून दाखवलेल्या भिंतीची ०.५ मिमीची रेघ १:५० ला प्रत्यक्षातली २५ मिमी जागा खाते. १५ सेंमी रुंद देवळी (भिंतीतला कोनाडा) कागदावर ३ मिमी येते. दोन्ही रेघा मापाच्या खुणेवर मधोमध ओढल्यात तर उरते अडीच मिमी, म्हणजे साडेबारा सेंमीची देवळी. म्हणून जाड रेघ नेहमी खुणेपासून भिंतीच्या अंगाला घ्या, मोकळ्या जागेत येऊ देऊ नका.