ओठावरचे फोड आईकडून येतात का? येतात, पण दोन वाटांनी

तुम्ही विचारलंय की आईला आणि तुम्हाला वर्षातून चार-पाच वेळा ओठावर फोड येतात, नवऱ्याला मात्र आजवर एकदाही आलेले नाहीत. मग हे आनुवंशिक आहे का, आणि तुमच्या तीन महिन्यांच्या लेकीलाही हे होणार का?

मी डॉक्टर नाही, ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पण हा त्रास मला स्वतःला बारावीपासून आहे, आणि तुमचाच प्रश्न मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन फिरले आहे. खालच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यात आधी मुंग्या येतात. आरशात काहीच दिसत नाही, पण जीभ लावली की ती जागा कडक आणि गरम लागते. दुसऱ्या दिवशी तिथे पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका असतो, मग तो फुटतो, खपली धरते, आणि आठ-दहा दिवस मोठ्याने हसायची चोरी. आजी म्हणायची, ताप ओठावाटे निघाला. आईलाही हे व्हायचं. धाकट्या भावाला कधीच झालं नाही, आणि आम्ही दोघं तर एका ताटात जेवून वाढलो.

तर आईकडून दोन वेगळ्या गोष्टी आल्या असू शकतात, आणि घरात त्या इतक्या मिसळून जातात की वेगळ्या ओळखू येत नाहीत. एक म्हणजे विषाणू, दुसरी म्हणजे जनुकं.

विषाणूचं नाव हर्पिस सिम्प्लेक्स, प्रकार 1. नाव ऐकून दचकू नका. आपल्याकडे हा शब्द लगेच लैंगिक आजाराशी जोडला जातो आणि बायका डॉक्टरांकडे जायलाही लाजतात, याचं मला फार वाईट वाटतं. ओठावरचा हा विषाणू बहुतेकांना लहानपणीच मिळतो, तोही घरातल्या मायेच्या माणसांकडून. गालाचे, ओठांचे पापे, लाळ, वरणभात गरम आहे का ते आपल्या ओठाला लावून बघत भरवलेला घास. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 50 वर्षांखालच्या सुमारे 380 कोटी लोकांच्या, म्हणजे 64 टक्क्यांच्या, शरीरात तो आहे. त्यामुळे तुमच्या नवऱ्याच्याही शरीरात तो असण्याची शक्यता भरपूर आहे. विषाणू बाळगणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना आयुष्यभरात एकही फोड येत नाही.

विषाणू कोणाला मिळतो यात जनुकांचा हात फारसा दिसत नाही, तो घरातल्या सहवासाने मिळतो. जनुकांचा प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर. मिळालेला विषाणू कोणाच्या शरीरात गप्प पडून राहतो आणि कोणाच्या शरीरात पुन्हा पुन्हा उठतो?

पहिल्या संसर्गानंतर विषाणू ओठातल्या मज्जातंतूंवरून वर सरकतो आणि कानाच्या पुढे, कवटीच्या तळाशी असलेल्या मज्जापेशींच्या एका गाठीत जाऊन बसतो. तिथे त्याचा डीएनए त्या पेशींत गुपचूप पडून राहतो, आयुष्यभर. ताप, कडक ऊन, जागरण, मानसिक ताण, पाळी, दाताचं काम अशा कशाने तरी तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूवरून पुन्हा ओठाकडे उतरतो. म्हणून फोड बहुतेक वेळा त्याच जागी येतो. माझा डावा कोपरा काही उगीच ठरलेला नाही.

त्या गाठीत विषाणू एकटा नसतो. आपल्या प्रतिकारशक्तीच्या टी पेशी मज्जापेशींना खेटून पहारा देत बसलेल्या असतात. पण बंद पेशीच्या आत काय चाललंय हे त्यांना कळणार कसं? त्यासाठी पेशी आतल्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडून दाखवते, आणि ज्या रेणूंवर ती ते मांडते त्यांना एचएलए म्हणतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात आणि माणसामाणसात ती कमालीची वेगळी असतात. एखाद्याचे एचएलए रेणू या विषाणूचे तुकडे ठसठशीत दाखवतात, एखाद्याचे तितके नीट दाखवत नाहीत. विषाणूलाही हे चांगलं 'ठाऊक' असतं. आयसीपी 47 नावाचं त्याचं एक प्रथिन हे तुकडे पृष्ठभागापर्यंत पोहोचवणारी वाटच बुजवतं. वर्गात हा भाग शिकवताना मी दर वर्षी थांबते. एवढासा विषाणू, आणि त्याने नेमकी हीच वाट हेरली.

2017 मध्ये युरोपीय वंशाच्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वेगवेगळ्या संसर्गांबद्दल विचारलं होतं, त्यात ओठावरचे फोडही होते, आणि फोडांसाठी ठळक खूण सापडली ती याच सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएलए भागात.

त्याआधी अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली होती. त्या राज्यात मोठमोठी कुटुंबं आहेत आणि अनेक पिढ्यांच्या वंशावळी नीट जपलेल्या आहेत. अशा कुटुंबांत कोणाला फोड वारंवार येतात आणि कोणाला येतच नाहीत हे पाहत त्यांनी 21 व्या गुणसूत्राचा एक छोटा पट्टा वेगळा काढला. 2011 मध्ये त्यांनी त्यातल्या एका जनुकावर बोट ठेवलं. त्या जनुकाची काही रूपं वारंवार फोड येणाऱ्यांत जास्त दिसली, काही रूपं सौम्य त्रास असणाऱ्यांत. वर्तमानपत्रांनी लगेच 'फोडांचं जनुक सापडलं' असं छापलं. मला ते घाईचं वाटतं. अभ्यास काही शे लोकांचा होता, आणि एकाच जनुकावर सगळं ठरत असतं तर माझ्या घरातलं आणि तुमच्या घरातलं चित्र इतकं गुंतागुंतीचं दिसलं नसतं. अनेक जनुकं थोडाथोडा वाटा उचलतात, असंच आजवरच्या पुराव्यावरून दिसतं. म्हणून तुमची अर्धी जनुकं आईची असूनही तुमचा त्रास तिच्यापेक्षा कमी किंवा जास्त असू शकतो, आणि माझा सख्खा भाऊ सुटू शकतो.

इंटरनेटवर शोधताना तुम्हाला 'हर्पिसमुळे मेंदूला सूज' असंही दिसेल आणि लेकीच्या काळजीने झोप उडेल, म्हणून तेही सांगते. काही मुलांमध्ये टीएलआर 3 नावाच्या जनुकात दोष असतो आणि हाच विषाणू त्यांच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. पॅरिसमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये हे दाखवलं. ते फार दुर्मीळ आहे. आईला आणि आजीला ओठावर फोड येतात म्हणून बाळाला तो दोष असेल, असं अजिबात नाही.

खरी काळजी घ्यायची ती पहिल्या वाटेची, म्हणजे विषाणूची, कारण तीच आपल्या हातात आहे. जन्मल्यापासूनचे पहिले काही आठवडे हा विषाणू बाळाला जिवावर बेतू शकतो. तुमची लेक तीन महिन्यांची झाली, म्हणजे सर्वांत नाजूक काळ मागे पडला आहे. तरीही मुंग्या सुरू झाल्यापासून खपली पूर्ण पडेपर्यंत तिचे पापे घेऊ नका. ओठाला हात लागला तर साबणाने धुऊनच तिला उचला, शक्य तर मास्क लावा. अंगावर पाजणं थांबवायची गरज नाही, फक्त स्तनावर फोड नाही ना ते बघा. हेच आईलाही सांगा. पाहुण्यांनाही सांगा, कोणी नाक मुरडलं तरी सांगा.

तुमच्यापुरतं म्हणाल तर वर्षातून चार-पाच वेळा हे सोसत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि अंगावर पाजता हे आवर्जून सांगा. असायक्लोव्हिर, व्हॅलासायक्लोव्हिर ही औषधं मुंग्या येतात त्याच वेळी सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. फोड फुटल्यावर फारसा फरक पडत नाही. मी गणपतीपुळ्याला एक दिवस भर उन्हात वाळूत काढला आणि तिसऱ्या दिवशी ओठ सुजला होता. तेव्हापासून सनस्क्रीनवाला लिप बाम पर्समध्ये असतोच.

लेकीला पुढे फोड येतील का, हे तिच्या जनुकांवरून आज कोणी सांगू शकत नाही. विषाणू कधी ना कधी, कुठून तरी तिला मिळेलही. पण आणखी तीनेक महिन्यांत तिचं उष्टावण असेल. त्या दिवशी तुमच्या किंवा आईच्या ओठाला मुंग्या आल्या असतील, तर खिरीची वाटी मामाच्या हातात द्या. त्याचा ओठ तेवढा आधी बघून घ्या.