आधी माती तपासा, मग पाणी जिरवा

वाचकांचे प्रश्न, लँडस्केप आर्किटेक्टची उत्तरं

प्रश्न : ताई, परळला जुन्या गिरणीच्या जागेवर आमची सोसायटी उभी आहे. मागे साधारण पाच गुंठे मोकळी जागा आहे. तिथे मुलांसाठी बाग, थोडा भाजीपाला आणि पावसाचं पाणी जिरवायला मोठा शोषखड्डा करायचं कमिटीने ठरवलं. खोदायला घेतलं तर दोन-अडीच फुटांखाली रॉकेलसारख्या वासाची काळी माती लागली. कंत्राटदार म्हणतो, वरून लाल माती टाकू, काही होत नाही. नर्सरीवाला म्हणतो, सूर्यफूल लावा, वर्षभरात जमीन साफ होईल. फोटो सोबत पाठवला आहे. कोणाचं ऐकायचं?
– एक वाचक, परळ

उत्तर : आधी काम थांबवा. खड्ड्याभोवती दोरी बांधा, मुलांना तिकडे जाऊ देऊ नका आणि काढलेल्या मातीच्या ढिगावर ताडपत्री टाका. पहिला जोरदार पाऊस ती माती धुऊन गटारात नेईल.

फोटो मी मोठा करून बारकाईने पाहिला. वर विटांचे तुकडे आणि मुरुमाची भर आहे, तिच्याखाली बोटभर करडी राख, मग तो काळा पट्टा. पट्ट्याच्या खालच्या कडेला एक जांभळट रेघ गेली आहे. राख बहुधा बॉयलरची असेल आणि जांभळी रेघ रंगाची, पण फोटोवरून निकाल देता येत नाही. मी गिरणगावातच वाढले, म्हणून सांगते : चाळीत किंवा जवळपास १९८२ च्या संपाआधी त्या गिरणीत कामाला असलेले कुणी आजोबा असतील तर त्यांना घेऊन जागेवर उभे राहा. बॉयलर कुठे होता, रंगखातं कुठे, तेलाची पिंपं कुठे ठेवायचे, हे ते हात करून दाखवतील. कुठल्याही कार्यालयातल्या नकाशापेक्षा ही माहिती जास्त उपयोगाची ठरते, कारण नमुने कुठून घ्यायचे ते त्यावरून ठरतं.

नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडूनच घ्यायला लावा. मुलांच्या हातातोंडाशी येतो तो वरचा अर्धा फूट, म्हणून त्याचे वेगळे नमुने घ्या आणि काळ्या थराचे वेगळे. तेलाच्या तपासणीचा नमुना काचेच्या बरणीत जातो, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. शिसं, क्रोमियम, कॅडमियम, आर्सेनिक, निकेल, पारा, पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि मातीचा सामू (पीएच) एवढं तरी मागाच. खर्च होईल, पण बागेच्या झोपाळ्यांवर होणाऱ्या खर्चापेक्षा तो जास्त महत्त्वाचा आहे. लहान मूल माती तोंडात घालतं आणि शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं.

आता शोषखड्डा. अशा जागी तो नकोच. पाणी जिरवा, जिरवा असं मीच या सदरातून दरवर्षी सांगत असते, तरीही इथे नको म्हणते. काळ्या थरात जे बसलंय ते आज बऱ्यापैकी जागेवर आहे. त्यातून गच्चीचं सगळं पाणी सोडलं तर विरघळण्याजोगं सगळं पाण्याबरोबर खाली जाईल, भूजलात मिसळेल. मुंबईत आजही विहिरी आणि बोअरचं पाणी वापरात आहे. ते पाणी तुमच्या सोसायटीचं नसेल, कुणाचं तरी असेल.

कंत्राटदाराचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. प्रदूषण फार नसेल तर वरून स्वच्छ माती टाकून जमीन झाकणं ही जगभर मान्य असलेली पद्धत आहे. मात्र नुसती लाल माती ओतून भागत नाही. आधी जाडसर जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीचे थर वेगळे ठेवणारं कृत्रिम कापड अंथरायचं, तेही नारिंगी किंवा अशाच भडक रंगाचं. वीस वर्षांनी कुणी पाइपलाइन टाकायला खोदेल तेव्हा कापड दिसताच त्याला कळलं पाहिजे की याखाली हात घालायचा नाही. त्यावर दीड-दोन फूट चांगली, तपासून घेतलेली माती. वर गवत किंवा दाट झुडपं, म्हणजे माती उघडी राहणार नाही. जमिनीला उतार द्या आणि पावसाचं पाणी खाली मुरू न देता बाजूच्या, तळाला जलरोधक अस्तर घातलेल्या वाफ्यात न्या. त्या वाफ्यात वाळू-मातीतून गाळलेलं पाणी छिद्रांच्या पाइपातून पर्जन्यवाहिनीत जाईल. खोल मुळांची झाडं कापडावर लावू नका. पिंपळ-वड तर मुळीच नकोत. आणि तपासणीत आकडे फार वर आले किंवा तेलाचा वास इमारतीच्या तळघरापर्यंत पोचत असेल, तर हे झाकणंही पुरणार नाही. मग दूषित माती उचलून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवावी लागते. ते काम पर्यावरण अभियंत्याचं आहे. माळ्यावर किंवा माझ्यासारखीवरही ते सोपवू नका.

सूर्यफुलाचं मात्र मनातून काढून टाका. काही वनस्पती धातू शोषतात हे खरं आहे. एका नेच्याच्या (फर्नच्या) पानांत आर्सेनिक मोठ्या प्रमाणात साठतं हे २००१ साली प्रसिद्ध झालं, आणि तो नेचा आपल्याकडेही उगवतो. पण शिसं मातीच्या कणांना घट्ट धरून असतं, मुळांच्या हाती ते फारसं लागत नाही. प्रयोगांमध्ये मोहरीने शिसं जास्त शोषावं म्हणून मातीत रसायन घालून ते सुटं केलं गेलं. आपल्या पावसात सुटं झालेलं शिसं झाडात जाईल त्याआधी जमिनीखाली उतरेल. शिवाय ज्या झाडाने विष शोषलं ते झाडच धोकादायक कचरा होतं, त्याचं खत करता येत नाही. वर्षभराची भाषा तर सोडाच, अशा कामाला दशकं लागू शकतात. उतारावर लावायचंच तर वाळा लावा. त्याची मुळं माती धरून ठेवतात आणि धातू मुळांतच अडकून राहतात, पानांत फारसे चढत नाहीत.

भाजीपाला जमिनीत नको. तळ बंद असलेल्या उंच पेट्यांत, बाहेरून आणलेल्या मातीत लावा.

आणखी एक. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागांची माहिती जिल्हा प्रशासनाने द्यायची, तपास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने करायचा आणि शुद्धीचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा, अशी त्यांची रचना आहे. तपासणीचा अहवाल हातात आला की त्याची प्रत जोडून जिल्हाधिकारी आणि मंडळ दोघांनाही लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

हे सगळं वाचून बागेचं स्वप्न सोडू नका. जर्मनीत डुइसबुर्गला १९८५ साली बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्यात पीटर लाट्झ यांनी उद्यान उभं केलं. सगळ्यात विषारी माती त्यांनी तिथल्याच जुन्या बंकरांत कायमची बंद केली. त्या जागेतून सांडपाण्याचा उघडा कालवा वाहत होता. सांडपाणी बंद पाइपात घालून जमिनीखाली नेलं आणि वरच्या पात्रात इमारतींच्या छपरांवरचं पावसाचं पाणी खेळवलं. घाण बंदिस्त आणि पाऊस मोकळा, हाच क्रम तुमच्या पाच गुंठ्यांनाही लागू आहे.

प्रश्न : आमच्या आवारात सगळीकडे पेव्हर ब्लॉक आहेत आणि पावसात तळमजल्याच्या पायरीपर्यंत पाणी येतं. थोडे ब्लॉक काढून पाणी जिरवणारी बाग करावी असं काहींचं मत आहे. बाकीच्यांना डासांची भीती वाटते. आणि मुंबईच्या पावसापुढे एवढीशी बाग काय करणार?
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : हिशेबच करू. गच्ची ४०० चौरस मीटर धरा. तिच्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे ४०० लिटर पाणी. ताशी ५० मिलिमीटर पडला तर तासाला २० हजार लिटर. मुंबईच्या नाल्यांची क्षमता ताशी २५ वरून ५० मिलिमीटरवर नेण्यासाठी ब्रिमस्टोवॅड प्रकल्प आखला गेला, म्हणून हाच आकडा घेतला. तुम्ही ४० चौरस मीटरचा वाफा केला, त्यात वर १५ सेंटिमीटर पाणी उभं राहू दिलं आणि खाली दोन फूट भुसभुशीत मिश्रण भरलं, तर वर सहा हजार आणि मातीच्या पोकळ्यांत अंदाजे सहा हजार, असं १२ हजार लिटर मावतं. म्हणजे गच्चीवरचा ३० मिलिमीटर पाऊस. पावसाळ्यातले कितीतरी दिवस यात बसतात.

२६ जुलै बसणार नाही. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७३. त्यातच शहरातल्या पर्जन्यवाहिन्यांच्या १८६ मुखांपैकी भरतीच्या पातळीच्या वर फक्त सहा असल्याची नोंद आहे. भरतीच्या वेळी पाणी बाहेर जायला वाटच उरत नाही. म्हणून कमिटीला खोटी आशा दाखवू नका. पण प्रत्येक आवाराने पहिला ३० मिलिमीटर स्वतःकडे तासभर थोपवला, तर नाल्यावरचा एकाच वेळचा भार नक्की कमी होतो.

खणण्याआधी एक चाचणी करा, आणि ती जुलैत, जमीन चिंब असताना. मे महिन्यातली तडकलेली माती खोटं उत्तर देते. फूटभर खोल खड्डा घ्या, भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि पट्टी लावून बघा. तासाला सव्वा सेंटिमीटरपेक्षा कमी पाणी उतरलं तर खाली कातळ किंवा चिकणमाती आहे असं समजा. मुंबईत बऱ्याच ठिकाणी असं निघतं. मग वाफ्याच्या तळाशी खडी आणि छिद्रांचा पाइप टाकून तो आवाराच्या गटाराला जोडा. वाफा इमारतीच्या पायापासून दहा फूट तरी लांब असू द्या. पार्किंगचं पाणी थेट आत सोडू नका, आधी खडीच्या छोट्या कुंडातून येऊ द्या, म्हणजे तेल-गाळ तिथेच अडेल आणि दरवर्षी काढता येईल. तुमच्या जागी पूर्वी गॅरेज किंवा कारखाना असेल तर आधी परळच्या वाचकांना दिलेलं उत्तर वाचा.

डासांचं उत्तर सोपं आहे. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो आणि नीट केलेला वाफा एक-दोन दिवसांत रिकामा होतो. दोन दिवसांनंतरही पाणी दिसलं तर पाइप तुंबलाय, तो साफ करा.

झाडं अशी हवीत जी ऑगस्टमध्ये पाण्यात उभी राहतील आणि एप्रिलमध्ये तहानेने मरणार नाहीत. मध्यभागी लव्हाळा आणि वाळा, कडेला निर्गुडी, सर्वांत वरच्या काठावर अडुळसा. उरलेल्या पेव्हरच्या सांध्यांत सिमेंट भरलं असेल तर ते काढून बारीक खडी भरा, आणि आवारातल्या झाडांच्या बुंध्याभोवतीचं काँक्रीट आधी फोडा.

प्रश्न : मुलुंडच्या बंद झालेल्या डम्पिंग ग्राउंडवर बाग झाली तर फिरायला जाणं सुरक्षित असेल का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : असू शकतं. माहीमचं निसर्ग उद्यान धारावीच्या कडेला, मिठी नदीलगत जुन्या कचराभूमीवरच उभं आहे. १९९४ साली ते खुलं झालं आणि आज ३७ एकरांवर दाट झाडी आहे. मात्र कचरा कुजताना मिथेन निघतो, जमीन वर्षानुवर्षं खचत राहते आणि पावसाचं पाणी आत शिरलं की काळं लीचेट, म्हणजे कचऱ्यातून पाझरलेलं दूषित पाणी, बाहेर येतं. म्हणून बागेची घोषणा झाली की तीन गोष्टी विचारा : वायू कुठून बाहेर काढणार, लीचेट कुठे जाणार, या दोन्हींची मोजणी कोण करणार. जुना कचरा चाळून जी बारीक माती निघते ती भरावाला चालेल, पण तपासल्याशिवाय कुणी घरच्या कुंड्यांसाठी वाटली तर घेऊ नका.

प्रश्न : आई नाल्याकाठचा अळू आणते, मिठाच्या पाण्यात धुते आणि फदफदं करते. चालेल ना?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : नाही, चालणार नाही. धुतल्याने वरची घाण जाते, मुळावाटे पानांत चढलेले धातू जात नाहीत. आईंना अळूचे पाच-सहा कंद आणून द्या आणि खिडकीत किंवा गच्चीवर पिंपात लावा. पिंप रसायनाचं नको, खाद्यतेलाचं किंवा पाण्याचं घ्या. जूनच्या सुरुवातीला लावले तर गौरी-गणपतीला जुडी घरचीच निघेल.