चार वर्षं शिकवलं, आता म्हणतात डिप्लोमा चालत नाही

प्रश्न: मी बीए आहे, 55 टक्के. 2020 मध्ये एका खाजगी इन्स्टिट्यूटमधून स्पेशल एज्युकेशनचा एक वर्षाचा ऑनलाइन डिप्लोमा केला. नंतर चार वर्षं शाळेत शॅडो टीचर (वर्गात विशेष मुलासोबत बसून त्याला मदत करणारी) होते आणि संध्याकाळी घरी दोन मुलांचे सेशन्सही घेते. गेल्या महिन्यात दुसऱ्या शाळेत इंटरव्ह्यू मस्त झाला पण शेवटी त्यांनी आरसीआयचा सीआरआर नंबर, म्हणजे स्पेशल एज्युकेटरचा नोंदणी क्रमांक मागितला. माझ्याकडे तो नाहीच. इन्स्टिट्यूटवाले म्हणतात सर्टिफिकेट गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहे, आयएसओ आहे, टेन्शन घेऊ नका. माझी चार वर्षं फुकट गेली का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र वाचून खूप वाईट वाटलं, राग पण आला, तुमचा नाही, त्या 'टेन्शन घेऊ नका'चा. टेन्शन घ्यायलाच हवंय, फक्त योग्य गोष्टीचं.

आधी ते सर्टिफिकेट काढा आणि नीट बघा. वर सोनेरी होलोग्राम असेल, खाली 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड' आणि एक नंबर. तो नंबर बहुतेक वेळा संस्थेच्या नोंदणीचा असतो, म्हणजे ट्रस्ट किंवा सोसायटी म्हणून ती कागदावर आहे एवढंच, भजनी मंडळाचीही तशी नोंदणी होते. आयएसओ म्हणजे ऑफिसचं कामकाज ठरलेल्या पद्धतीने चालतं, त्याचा कोर्सच्या मान्यतेशी काहीही संबंध नाही. स्पेशल एज्युकेटरच्या कोर्सला मान्यता देते ती भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजेच आरसीआय, 1992 च्या कायद्याने बनलेली, आणि मान्यता असते त्या संस्थेतल्या त्या कोर्सला, त्या मुदतीपुरती. असा कोर्स पास होऊन अर्ज केलात की केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नाव चढतं, तोच तुमचा सीआरआर नंबर.

आता कटू भाग. या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे नोंदणी नसताना देशात कुठेही हा व्यवसाय करता येत नाही, 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. घाबरवायला नाही सांगत, पण व्हॉट्सअ‍ॅप प्रोफाइलवर, कार्डावर कुठे 'स्पेशल एज्युकेटर' लिहिलं असेल तर आजच काढा आणि घरचे सेशन्स थांबवा. आणि कोणी 'मागच्या तारखेचं मान्यताप्राप्त सर्टिफिकेट मिळवून देतो' म्हणालं तर त्या वाटेला अजिबात जाऊ नका, आज तुम्ही फसवल्या गेलेल्या आहात, ते घेतलंत तर फसवणाऱ्यांत जमा व्हाल.

पैशांचं म्हणाल तर इन्स्टिट्यूटशी फोनवर भांडू नका, सगळं लेखी करा. तुमच्या वर्षी त्यांच्या कोर्सला मान्यता होती का हे माहिती अधिकारात आरसीआयला विचारा, 10 रुपये फी आहे, साधारण 30 दिवसांत उत्तर यायला हवं. ते उत्तर, जुनी जाहिरात, फीच्या पावत्या आणि नव्या शाळेने सीआरआर मागितला तो मेल (तोंडी सांगितलं असेल तर मेलवर मागून घ्या, प्लीज) एका फाइलमध्ये ठेवा आणि ग्राहक आयोगात जायचं का ते वकिलाला दाखवून ठरवा. शिक्षण संस्थांविरुद्धच्या तक्रारींवर निकाल दोन्ही बाजूंनी लागलेत, पण 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने संलग्नता आणि मान्यता नसताना विद्यार्थी घेणाऱ्या एका डेंटल कॉलेजला जबाबदार धरलं होतं, म्हणजे दार बंद नाही. तक्रारीची मुदत मात्र 2 वर्षांची आहे, तुमचा कोर्स जुना, त्यामुळे हे तुम्हाला आत्ताच कळलं हे दाखवणारा तो मेल जपायचा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर आधी विचारून घेतलंत तरी चालेल.

चार वर्षं फुकट गेली का? शिकवण्याची नाही गेली. हट्टाला पेटलेल्या मुलासमोर बसून शर्टाचं एकेक बटण लावायला शिकवणं, ते कागद नाही शिकवत, तुमच्या हातात आहे ते. पण कागदाच्या हिशोबात शून्यापासूनच धरावं लागेल, हे मी गोड करून नाही सांगणार. तुम्ही बीए आहात, 50 टक्क्यांच्या वर आहात, त्यामुळे माझं मत बीएड स्पेशल एज्युकेशनचं, 2 वर्षांचं आहे. बारावीनंतरचा डीएड स्पेशलही 2 वर्षांचाच, मग वेळ तेवढाच जाणार तर बीएडच का नको? ऑक्टोबर 2021 च्या सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने 2022 मध्ये प्राथमिकला 10 विशेष मुलांमागे 1 आणि वरच्या वर्गांना 15 मागे 1 विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलंय, त्यामुळे नोंदणी असलेल्या माणसाला काम आहे. यावेळी मात्र संस्थेचं नाव आरसीआयच्या वेबसाइटवर स्वतः शोधा, कोर्सचं नाव आणि मुदत जुळवा, स्क्रीनशॉट काढा, मगच फी भरा. 'मान्यतेसाठी अर्ज केलाय' म्हणजे मान्यता नाही.

आणि त्या दोन मुलांच्या आयांना हे तुम्हीच सांगा, दुसरीकडून कळायच्या आत. एवढंच म्हणा की माझा कोर्स मान्य नव्हता, मला आत्ता कळलं, मी रीतसर शिकायला जातेय, तोपर्यंत नोंदणीवाल्या बाई शोधायला मी मदत करते. मुलांना काय चालतं काय नाही, तो कुठल्या आवाजाला दचकतो, ती कशाने शांत होते, हे दोन पानांवर लिहून नव्या बाईंच्या हातात द्या.