६० युरोची पावती आणि बर्लिनचा मोकळा रविवार

लातूरहून बर्लिनला शिकायला गेलेल्या मुला, तुझी पोस्ट वाचली. सेमिस्टर तिकीट, म्हणजे विद्यार्थ्यांचा सहामाही प्रवास-पास, फोनात, तपासनीस आले तेव्हा बॅटरी संपलेली, हातात ६० युरो दंडाची पावती. त्यात विचारतोयस की येत्या रविवारी एकट्यानं, कमी पैशात निवांत शहर कसं बघावं. फिरण्याचं सांगतो, पण आधी पावती. तिची मुदत चालू झालीय.

तपासणीच्या वेळी तुझ्या नावाचं वैध तिकीट होतं, फक्त दाखवता आलं नाही, एवढं एका आठवड्याच्या आत सिद्ध केलंस तर ६० चे ७ युरो होतात. आठवडा तपासणीच्या दिवसापासून मोजतात, शनिवार-रविवार धरून.

गोची होते ती कुठं जायचं यात. आपल्या डोक्यात एसटी बसलेली असते. लातूरला चढा नाहीतर नांदेडला, महामंडळ एकच. बर्लिनमध्ये एस-बान, म्हणजे लोकल, एका कंपनीची. उ-बान (मेट्रो), ट्राम आणि बस दुसरीच्या. तिकीट दोन्हीकडं चालतं म्हणून वाटतं की खिडकीही कुठलीही चालेल. चालत नाही. पावती जिनं फाडली त्याच कंपनीकडं जायचं. तिकीट देणाऱ्याकडं नाही, विद्यापीठाच्या ऑफिसात तर नाहीच. माझे पूरे ६० इथंच गेले, जर्मनीतल्याच दुसऱ्या एका शहरात. चुकीच्या खिडकीनं कागद ठेवून घेतले आणि नवव्या दिवशी 'हे आमच्याकडं येत नाही' म्हणून परत दिले. ऑफिसचं नाव घेत नाही. पहिल्याच दिवशी तेवढं एक वाक्य बोलायला कामून जड जावं, ते मला आजही कळलं नाही. पण पोच न घेता कागद सोडून आलो, हा गाढवपणा माझाच.

तू असं कर. पावतीवरचं कंपनीचं नाव आणि प्रकरण क्रमांक बघ. ॲपमधून तिकिटाचा असा पुरावा काढ, ज्यावर तुझं नाव आणि वैधतेच्या तारखा दोन्ही दिसतील. त्याला पासपोर्टच्या पहिल्या पानाची आणि पावतीची झेरॉक्स जोड. ऑनलाइन पाठवायची सोय असेल तर पाठव आणि आलेली ईमेल जपून ठेव. खिडकीवर गेलास तर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नको. पोस्टानं पाठवायचं तर रजिस्टर्ड, त्याला तिथं 'आइनश्रायबेन' म्हणतात. आणि पावती ड्रॉवरमध्ये टाकून विसरू नको, नसता वसुलीवाल्या कंपनीचं पत्र येतं आणि रक्कम वाढते. मी वकील नाही, पावतीमागचा मजकूर भाषांतर करून स्वतः वाच.

इथून पुढं पॉवर बँक आणि पासपोर्ट दोन्ही सोबत ठेव, तिकीट फोटोच्या ओळखपत्राशिवाय अपुरं असतं. स्क्रीनशॉटवर विसंबू नको. तपासनीस बऱ्याचदा साध्या कपड्यात असतात, दार बंद झालं की मग कार्ड काढतात.

आता रविवार. दुकानं बंद असतात; मोठ्या स्टेशनांतली काही सुपरमार्केटं उघडी सापडतात, पण रांग लई. शनिवारीच ब्रेड आणून ठेव, धपाटे जमत असतील तर उत्तमच. महिन्याच्या पहिल्या रविवारी संग्रहालयं फुकट, असं जुन्या लेखांत अजून लिहिलेलं दिसेल. ती योजना २०२४ च्या शेवटी बंद झाली. माझं मत विचारशील तर मोकळ्या रविवारी संग्रहालयात शिरूच नये.

सकाळी एस-बानच्या एस१ किंवा एस७ नं वानझे तळ्याला जा. तिथून पलीकडच्या काठाला, क्लाडोला, एफ१० फेरीबोट जाते, तासाला एक. २० मिनिटं तळ्यावरून बोट, आणि तुझं तिकीट तिच्यात चालतं. पर्यटक याच तळ्यात वेगळे पैसे भरून बोटीत बसतात. पलीकडं काठावर बसून डबा खा. परतताना एक्स३४ बसनं थेट झू स्टेशन. तिथं १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तुटलेला चर्चचा मनोरा तसाच ठेवलाय. मग १०० नंबरची दुमजली बस, वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची सीट. विजयस्तंभ, राइशटाग (संसदेची इमारत), उंटर डेन लिंडनचा रस्ता सगळं बसल्या जागी दिसतं. राइशटागचा घुमट फुकट आहे, पण आधी ऑनलाइन नोंदणी लागते; आयत्या वेळी जाऊन उभं राहू नको.

पाय शिल्लक असतील तरच बर्नाउअर श्ट्रासे. बर्लिनची भिंत जिथं होती तिथं गंजलेल्या लोखंडाच्या कांबी उभ्या केल्यात, मधून आरपार चालता येतं. सीमेच्या पट्ट्यात अडकलेलं एक चर्च पूर्व जर्मन सरकारनं १९८५ मध्ये सुरुंगानं उडवलं. त्या जागी २००० मध्ये छोटं प्रार्थनाघर बांधलं, ठोकून बसवलेल्या मातीचं. प्रार्थनाघराच्या भिंतीला नाक लावून बघ, जुन्या चर्चचे विटा-दगडांचे तुकडे मातीत दिसतात. आपल्याकडच्या पांढऱ्या मातीच्या गढ्या बघितलेल्या माणसाला ती भिंत परकी वाटत नाही. तिथून पायी माउअरपार्क, रविवारी जुना बाजार भरतो. सायकल घ्यायची तर कुलूपही त्याच दिवशी घे.

पाण्यावर पैसे घालवू नको, नळाचं पाणी पितात. बाटली घेतलीच तर फेकू नको, एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीचे २५ सेंट सुपरमार्केटच्या मशीनमध्ये परत मिळतात. पण मशीन दुकानात असतं, म्हणजे सोमवारी.