मान उचलता येते का, ते पाहत जा

प्रिय मुली,

परवा फोनवर म्हणालीस, जीव द्यायला फवारणीचं औषध घेतलेला पेशंट आला की कॅज्युअल्टीत सगळ्यांचाच आवाज चढतो. चढतो. माझाही चढायचा. रात्रपाळीला एकटी सिस्टर, व्हेंटिलेटर नाही, जिल्ह्याचं ठिकाण लांब, त्यात नळी टाकताना अंगावर उलटी. "मरायचंच होतं तर इथं कायले आला?" हे मी बोललेली आहे, एका कास्तकाराला, त्याच्या बायकोसमोर. तो वाचला. वर्षभरानं तीच बाई पोराला लस द्यायला आली, ती माझा टेबल टाळून दुसऱ्या सिस्टरकडे गेली.

बोलणं तर लागतंच, पण रागात आपली नजरही चुकते. फवारणीच्या विषावर उतारा म्हणून दिलेलं अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की माणूस चादर ओढतो, बरळतो, हवेत काहीतरी पकडू पाहतो. आपण म्हणतो, नाटकं करून राहिला. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरा दिसणारा पेशंट उशीवरून मान उचलत नाही, तेव्हा म्हणतो, रुसला. रुसला नसतो. मानेचे स्नायू गेलेले असतात, पाठोपाठ श्वासाचे जातात. दर राउंडला "भाऊ, मान उचला" म्हणत जा. नाही उचलली तर डॉक्टरांना झोपेतून उठव, बोलणी बसली तरी.

एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची नोंद, होणार, पोलीस बयाण घेणार. पण "केस होईल" म्हणून भेववू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरून चालतं. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं सरसकट कलम ३०९ राहिलेलं नाही. या भीतीपायीच घरचे "चुकून तोंडात गेलं" सांगतात, आणि मग डबा कोणता, किती वेळ झाला, तेही लपवतात.

शुद्धीवर आला की, नातेवाईक चहाला गेले असताना, सरळ विचार: "अजून जीव द्यावा वाटते काय?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. "हो" म्हणाला तर त्याला एकटं सोडू नकोस, डॉक्टरांना लगेच सांग. दवाखान्यातून सुट्टी झाल्यानंतरचे पहिले आठवडे फार नाजूक असतात. कार्डावर टेलिमानसचा, म्हणजे मानसिक मदतीच्या सरकारी फोनसेवेचा, नंबर १४४१६ मोठ्या अक्षरात लिही, आणि फवारणीच्या औषधाचे डबे घरात ठेवू नका, हे घरच्यांना बाजूला घेऊन सांग.

त्याच्या बायकोला स्टूल दे. ती केव्हाची उभी असते.

तुझी,
जुनी सिस्टर