'लेस्ट वी फरगेट'ला मराठीत काय म्हणायचं?

मेलबर्नहून एका ताईंनी विचारलंय. त्यांची मुलगी तिथल्या रविवारच्या मराठी शाळेत जाते, २५ एप्रिलच्या अँझॅक डेसाठी मुलं मराठीत एक फलक करतायत आणि गाडी तीन ठिकाणी अडलीय. 'लेस्ट वी फरगेट' कसं लिहायचं (कुणीतरी 'नाहीतर आपण विसरू' असं करून दिलंय, ते त्यांना खटकतंय), 'द फॉलन' म्हणजे युद्धात गेलेले त्यांना 'शहीद' म्हणायचं की 'हुतात्मा', आणि मुलीला भाषणात 'डोन्ट फरगेट मी, कॉबर' हे वाक्य मराठीत म्हणायचंय ते कसं म्हणायचं.

ताई, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण खरा गुंता तिथे आहे.

आधी ज्यांना हा दिवस माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २५ एप्रिल १९१५ च्या पहाटे ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, ही मोहीम आठ महिने चालली आणि फसली, एकट्या ऑस्ट्रेलियाची ८ हजारांवर माणसं तिथे गेली. पुढे फ्रान्स-बेल्जियममध्ये तर त्याच्या कितीतरी पट. पहिल्या महायुद्धात मिळून ६० हजारांवर, आणि तेव्हा त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या ५० लाखसुद्धा नव्हती. हे सगळे आपणहून भरती झालेले होते, सक्तीच्या भरतीसाठी १९१६ आणि १९१७ अशी दोनदा जनमत घेतलं आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. अँझॅक हा शब्द आधी 'ऑस्ट्रेलियन अँड न्यूझीलंड आर्मी कोअर' ह्या सैन्याच्या नावाची नुसती आद्याक्षरं होती, तारेत आणि शिक्क्यावर वापरायला सोयीची, पण आज त्या शब्दाला तिथे कायद्याचं संरक्षण आहे, परवानगीशिवाय दुकानाला किंवा मालाला ते नाव देता येत नाही. तेव्हा फलकावर 'अँझॅक' असंच लिहा, 'ए. एन. झेड. ए. सी.' असं फोडू नका, तो आता एक अखंड शब्द आहे.

आता 'शहीद'. शब्द अरबी, मुळात अर्थ साक्ष देणारा, आणि त्यावरून श्रद्धेसाठी मरण पत्करून जो साक्ष देतो तो. आपल्याकडे भगतसिंगांपासून तो इतका रुळलाय की त्यात आता धर्म कुणाला ऐकूच येत नाही, हे मान्य. पण गॅलिपोलीत एक वेगळीच अडचण आहे. तुर्की भाषेत आपल्या युद्धात गेलेल्या सैनिकाला हाच शब्द आहे, 'शेहित', आणि त्याच द्वीपकल्पावर तुर्कांचं जे मोठं स्मारक उभं आहे त्याच्या नावातच तो आहे. तुर्कांची तिथे ८० हजारांवर माणसं गेली, स्वतःची जमीन राखताना. म्हणजे त्या भूमीवर 'शहीद' म्हटलं तर तो शब्द समोरच्या खंदकातल्या माणसांचा आहे. मी तरी तो अँझॅकच्या फलकावर लिहिणार नाही.

'हुतात्मा' हा आपला घडवलेला शब्द, त्याचं श्रेय सावरकरांना दिलं जातं, हुत म्हणजे होमात अर्पण केलेलं, ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो. फार ताकदीचा शब्द आहे पण मराठी माणसाच्या कानात तो चळवळीचा आहे. हुतात्मा चौक म्हटलं की डोळ्यापुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेललेली साधी माणसं येतात, गणवेशातली नाही. शिवाय आहुती म्हटली की हेतू आला. बॅलारटच्या पोराने घरी खोटं वय सांगून भरती व्हावं, समुद्र पाहायला मिळेल, जग पाहायला मिळेल म्हणून, आणि चार दिवसांत किनाऱ्यावर संपावं, त्याने आहुती दिली असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्याचं मरण त्यामुळे कमी मोलाचं होत नाही, फक्त तो शब्द त्याच्या अंगाला बसत नाही.

मग 'धारातीर्थी पडले'. धारा म्हणजे तलवारीची धार आणि तीच तीर्थ, तिथे देह पडला की तीर्थात देह ठेवल्याचं पुण्य. सुंदर आहे, पण तलवारीचं जग संपल्यावरचं हे युद्ध. आणि दुसऱ्या महायुद्धात तर २२ हजारांवर ऑस्ट्रेलियन जपान्यांच्या कैदेत पडले, त्यातले ८ हजारांवर कैदेतच गेले, बर्मा-थायलंड रेल्वेवर स्लीपर वाहताना, पटकीने, हगवणीने, उपाशी. त्यांची नावंही युद्धात गेलेल्यांच्या त्याच यादीत आहेत. पटकीने गेलेल्या कैद्याला धारातीर्थी पडला कसं म्हणणार?

राहिलं 'पडलेले सैनिक'. हे शब्दाला शब्द आहे, मात्र नुसतं वाचलं की पाय घसरून पडल्यासारखं वाटतं. गंमत अशी की 'पडणे' हे क्रियापद मराठीत लढाईतल्या मरणासाठी जुनंच आहे, फक्त त्याला जागा लागते, 'रणी पडले', 'पानिपतावर पडले'. जागा दिली की तेच क्रियापद ताठ उभं राहतं.

पण मला विचाराल तर ह्या फलकासाठी शब्द एकच, 'कामी आले'. बखरींमधला आहे, 'इतके लोक कामास आले', आणि आजही गावाकडच्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी येतो. ह्यात देव नाही, स्वर्ग नाही, युद्ध बरोबर होतं का चूक ह्यावर मत नाही. काम होतं, त्या कामात माणूस खर्च झाला, एवढंच. गोळीने गेला तोही कामी आला, पटकीने गेला तोही, आणि भरपावसात जखमी उचलून आणताना गेला तोही.

हे लिहिताना पानिपतच्या त्या निरोपाची आठवण येते. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, असा तो सांगितला जातो. आपण शाळेत तो पाठ केला पण कधी नीट ऐकला नाही. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ, मोहरा म्हणजे सरदार, आणि खुर्दा म्हणजे बाकीची सगळी माणसं, नाव नाही आणि गणतीही नाही. मी कॅनबेराला वॉर मेमोरियलमध्ये गेलो तेव्हा मला हे फार आठवलं, कारण तिथल्या भिंतीवर ब्राँझच्या पट्ट्यांत १ लाख ३ हजारांवर नावं आहेत आणि एकाच्याही पुढे हुद्दा नाही, पदक नाही, कर्नल कोण आणि स्वयंपाकी कोण ते कळत नाही. पट्ट्यांच्या फटीत लोक पॉपीची लाल कागदी-कापडी फुलं खोचून जातात. ही रीत कुणी ठरवून घातलेली नाही. ११ नोव्हेंबर १९९३ ला फ्रान्समधून आणलेल्या एका अनाम सैनिकाचं तिथे दफन झालं, फूल वाहायला रांग लागली आणि रांगेत थांबलेल्या माणसांनी हातातली फुलं शेजारच्या भिंतीत, आपापल्या माणसाच्या नावाशी खोचली. मी पाहिलं ते असं, एक आजी नाव सापडल्यावर आधी बोटाने अक्षरं पुसल्यासारखी करत होत्या, एकेक, आणि मग फूल लावलं, फटीत बसेना म्हणून देठ दुमडून परत लावलं.

ह्या नावांना एवढं महत्त्व का, ते एका गोष्टीवरून कळतं. तेव्हाच्या नियमाने कुणाचाही देह घरी परत आणायचा नाही असं होतं, पहिल्या महायुद्धातून गॅलिपोलीतले एक ऑस्ट्रेलियन सेनानी जनरल ब्रिजेस सोडले तर त्या काळात कुणीही परत आलं नाही. आईबापांना समुद्रापलीकडची कबर कधी दिसायचीच नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या छोट्या छोट्या गावांत चौकात जो दगडी खांब किंवा शिपायाचा पुतळा दिसतो तो तिथल्या लोकांसाठी कबरीच्या जागी आहे. अशा स्मारकाला तिथे सेनोटाफ म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थच रिकामी कबर. आणि आपल्याकडे त्याला चांगला शब्द असताना आपण 'स्मृतिस्तंभ' लिहीत बसतो. वीरगळ! गावाबाहेर देवळाशी शेंदूर फासलेला उभा दगड, खाली लढाई कोरलेली, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर तो पिंडीची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव आहे. मुलीला भाषणात सेनोटाफ समजावून सांगायचा असेल तर 'तिथला वीरगळ' म्हणू दे, ऐकणाऱ्या आजीआजोबांना एका क्षणात कळेल.

अजून एक, जे हमखास चुकतं. अँझॅक डे 'साजरा' करत नाहीत. पुण्यतिथी जशी आपण पाळतो तसा तो पाळतात. पहाटे अंधारात लोक जमतात, कोटावर रोझमेरीची काडी (ती गॅलिपोलीच्या टेकड्यांवर उगवते), बिगुल, मौन. तिथे कुणी कुणाला 'हॅपी' म्हणत नाही. कार्यक्रमपत्रिकेत 'साजरा' छापलं असेल तर कृपा करून बदला.

आता पहिला प्रश्न. 'लेस्ट' हे जुनं इंग्रजी अव्यय, 'असं होऊ नये म्हणून' हा त्याचा अर्थ. 'नाहीतर आपण विसरू' मध्ये धमकी ऐकू येते, ताईंना खटकलं ते बरोबर खटकलं. 'आपण विसरू नये म्हणून' व्याकरणाने बरोबर आहे पण लोंबकळतं, पुढे काय अशी वाट पाहायला लावतं. आणि तिथे पहाटे हे तीन शब्द म्हटले की जमलेला सगळा जमाव ते परत म्हणतो, म्हणजे मराठी ओळसुद्धा शंभर माणसांना एका दमात म्हणता आली पाहिजे.

मूळ कुठलं ते पाहिलं तर वाट सापडते. हे शब्द किपलिंगच्या १८९७ च्या एका कवितेतले, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली तेव्हाची. (किपलिंग जन्मला मुंबईत, आणि पुढे त्याचा स्वतःचा अठरा वर्षांचा मुलगा १९१५ मध्ये फ्रान्समध्ये गेला, त्याचा देह बापाला कधी सापडला नाही.) पण त्या कवितेत सैनिकांना विसरू नये असं म्हटलेलंच नाही. ती प्रार्थना आहे. देवा, आमच्याजवळ राहा, वैभवाच्या नशेत आम्हाला तुझा विसर पडू नये. स्मारकांवर ते शब्द नंतर आले, आणि देवाच्या जागी माणसं आली.

आणि देवाला हेच मागणारी ओळ आपल्याकडे प्रत्येक कीर्तनाच्या शेवटी म्हटली जाते. हेचि दान देगा देवा, तुझा विसर न व्हावा. तुकोबांनी मागितलं तेच मागणं, तीच वाकलेली मान. तेव्हा माझं उत्तर: 'विसर न व्हावा'. तीन शब्द, एका दमात म्हणता येतात, आणि मराठी कानाला त्यात प्रार्थना आपोआप ऐकू येते. शिवाय मराठीत 'मी विसरलो' आणि 'मला विसर पडला' ह्यात फरक आहे. पहिल्यात मी काहीतरी केलं, दुसऱ्यात ते माझ्यावर येऊन पडलं, धूळ पडते तसं. पिढ्या गेल्या की विसर असाच पडतो, कुणी मुद्दाम विसरत नाही.

(तिथे पहाटे अजून एका कवितेतल्या चार ओळी म्हणतात, मागे राहिलेले आपण म्हातारे होऊ, ते होणार नाहीत, अशा. त्यात काळ त्यांना 'कंडेम' करणार नाही की 'कंटेम' करणार नाही, म्हणजे दोषी ठरवणार नाही की तुच्छ लेखणार नाही, ह्यावर ऑस्ट्रेलियात लोक कित्येक वर्षं पत्रं लिहून वाद घालतायत. छापलंय 'कंडेम'च. एका अक्षरासाठी इतकी माणसं भांडतात ते पाहून मला फार बरं वाटतं.)

फलकावर वर मोठ्या अक्षरात 'विसर न व्हावा' आणि खाली 'परक्या मुलखात कामी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या सैनिकांच्या स्मरणार्थ', एवढं पुरे.

शेवटचं, 'डोन्ट फरगेट मी, कॉबर'. कॉबर म्हणजे ऑस्ट्रेलियन बोलीत जिगरी, सोबती. 'मित्रा' पुस्तकी होईल, 'भावा' आजचा होईल, मला 'गड्या' बरोबर वाटतो, शेतातला आणि खेळातला, कारण हे वाक्य ज्याने लिहून ठेवलं तो शेतकरीच होता. सार्जंट सायमन फ्रेझर, व्हिक्टोरियातल्या बायडक गावचा. १९ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये फ्रोमेलला हल्ला झाला आणि एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन मेले, जखमी झाले किंवा शत्रूच्या हाती लागले. पुढचे काही दिवस हा माणूस दोन्ही खंदकांच्या मधल्या जागेतून जखमी उचलून आणत होता. एकाला उचलायच्या खटपटीत असताना तीसेक यार्डांवरून दुसऱ्याने हाक मारली, ती ही. फ्रोमेलला त्याचा पुतळा आहे, खांद्यावर माणूस घेतलेला, आणि तसाच एक मेलबर्नलाही आहे, ताई, मुलीला दाखवून आणा.

हे वाक्य हल्ली स्मरणाचं म्हणून सांगतात, पण हाक मारणाऱ्याला स्मरण नको होतं, त्याला इथे टाकून जाऊ नकोस असं म्हणायचं होतं. इथे मराठी क्रियापद मदतीला येतं, कारण आपण 'छत्री बसमध्ये विसरली' म्हणतो, म्हणजे मागे राहिली. तेव्हा मुलीला सरळ म्हणू दे, 'मला विसरू नको रे, गड्या', दोन्ही अर्थ त्यात येतात. आणि पुढचंही सांगू दे, की फ्रेझर परत गेला, चार माणसं आणि स्ट्रेचर घेऊन आला आणि दोघांनाही सुखरूप आत आणलं. तो स्वतः पुढच्या वर्षी मे महिन्यात फ्रान्समध्येच बुलेकूरला कामी आला. त्याची कबर नाही, व्हिलेर-ब्रेतोन्नोच्या स्मारकाच्या भिंतीवर नाव आहे.